तनयाची आश्विनी

टुप्प.

भर दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरात एका डब्याचं झाकण निघालं आणि पलंगावर पडल्यापडल्या मला कळलं, हा चिवड्याचा. लाडवांच्या डब्याचं झाकण सैल आहे, ते मुकाट्यानं निघतं. रव्याचा डबा कुरकुरतो. चिवड्याचाच तेवढा असा फुगवलेला गाल फोडल्यासारखा वाजतो. त्यानंतर थोडा वेळ काहीच नाही. मग बारीकशी खसखस, बोटांनी काहीतरी शोधल्याची.

"तनू, खोबऱ्याचे सगळे काप संपवू नकोस गं," मी आतूनच म्हटलं.

खसखस थांबली.

"आई, तुला भिंतीतून दिसतं?"

"दिसतं."

"सगळं?"

"सगळं."

ती दारात येऊन उभी राहिली. सहा वर्षांची, दसऱ्याच्या सुट्टीमुळे वेणी न घातलेली, हनुवटीला चिवड्याची हळद. माझ्याकडे तिनं जरा आदरानं पाहिलं. मग पलंगावर चढून माझ्या पायांशी बसली आणि मुठीतला एक काप मला दिला. तळलेलं खोबरं, कडेनं तांबूस झालेलं. मी तो दाताखाली धरला आणि डोळे मिटले. इतका चांगला खोबऱ्याचा काप मी जन्मात खाल्ला नव्हता.

कालपासून मला सगळंच असं लागत होतं.

मला पडून राहायला सांगितलं होतं. तनयाला आम्ही 'आईची कंबर धरली आहे' एवढंच म्हटलं होतं. खरं असं होतं, की मला दिवस गेले होते, तिसरा महिना चालू होता, आणि काल, खंडेनवमीच्या सकाळी, बाथरूममध्ये मला रक्त दिसलं होतं. तनूच्या पाठीवर दुसरं व्हावं म्हणून आम्ही इतकी वाट पाहिली होती, की शेवटी शेवटी त्याबद्दल बोलणंही सोडून दिलं होतं. बोलणं सोडलं आणि मग ते झालं. म्हणून आताही कुणी फार बोलत नव्हतं.

नोएडातल्या आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर एक छोटं नर्सिंग होम आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचा ठिपका दाखवला, त्याचे ठोके ऐकवले. कसे भरभर, जिना धावत चढून आलेल्या पोरासारखे. "देखिए, ये तो अपना काम कर रहा है," त्या म्हणाल्या. "बगल में थोड़ा खून जमा है. घुल भी सकता है, बढ़ भी सकता है. आप बस लेटिए." कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दाखवायचं. तोवर पलंग ते बाथरूम, बाथरूम ते पलंग. फार तर थोडा वेळ खुर्ची.

मानसनं, माझ्या नवऱ्यानं, मला घरी आणताना गाडी इतकी हळू चालवली की मागचा ई-रिक्षावाला ओरडला, "भाईसाब, बारात है क्या?" मी हसले, आणि हसताहसता पोट धरलं. हसायची परवानगी आहे का, ते विचारायचं राहूनच गेलं होतं.

त्याच संध्याकाळी फरीदाबादहून सासूबाई आल्या. कालकाजीला मेट्रो बदलून, दोन्ही हातांत पिशव्या. मी त्यांना आईच म्हणते. माहेर पुण्याचं, पण त्यांची उभी हयात फरीदाबादेत गेली, सासरे तिथल्या कारखान्यात होते, त्यामुळे त्यांचं मराठी पुण्याचं आणि भाजीवाल्याशी भांडण पक्कं हरियाणवी. आल्या, चपला काढल्या, हात धुतले, माझ्या कपाळावर तळवा ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "चिवडा आणलाय." मग स्वयंपाकघरात गेल्या. पाठोपाठ त्यांचा फोन वाजला. फरीदाबादेत एकटे राहिलेले सासरे विचारत होते, जिरं कुठे असतं.

"चाळीस वर्षं त्याच फळीवर आहे ते," आई म्हणाल्या. "मी नोएडात आलेय, जिरं काही बदली होऊन गेलेलं नाही."

आतल्या खोलीत पडून मी पुन्हा हसले. म्हटलं, बाळा, जे होईल ते होवो, तुझी आजी मात्र फार वरच्या दर्जाची आहे.

आता हे पोटातल्याशी बोलणं. तेही मी ठरवून टाळत होते. डॉक्टरीणबाईंचं 'बढ़ भी सकता है' कानात होतं. पण माणूस दिवसभर आढ्याकडे बघत पडलं की ठरवलेलं काही टिकत नाही.

दसऱ्याच्या त्या दुपारी चिवडा संपवून तनू माझ्याशेजारी आडवी झाली. पंखा एकवर होता. एसी बंद करून आठवडाच झाला असेल, आणि खिडक्या उघडल्यावर कळलं की बाहेर किती आवाज आहेत. पलीकडच्या टॉवरमध्ये दिवाळीच्या रंगाचं काम चाललं होतं, तिथली शिडी सरकायची. लांबून मेट्रो जायची, नुसती हवा कापल्यासारखी. उन्हाचा एक चौकोन सकाळी कपाटावर असायचा, तो दुपारी उतरून पलंगावर यायचा, आधी माझ्या पावलांवर, मग हळूहळू गुडघ्यांपर्यंत. एरवी या वेळेला मी ऑफिसात, गार खोलीत शाल पांघरून बसलेली असते. माझ्याच घरात रोज इतकं ऊन येऊन जातं आणि मला पत्ता नाही.

"आई, तुझ्या पायावर ऊन झोपलंय," तनू म्हणाली.

"हलू नकोस मग. उठेल ते."

आम्ही दोघी तशाच पडून राहिलो. ती झोपली. तिच्या तोंडाला खोबऱ्याचा वास येत होता.

मानस संध्याकाळी पानं घेऊन आला. इकडे दिल्लीकडे आपटा कुठे मिळायचा? आमच्याकडे कचनारची पानं सोनं म्हणून वाटतात. कचनार इथे रस्त्याच्या कडेला पोत्यानं आहे, आणि पान तस्संच, दोन पाकळ्या जोडल्यासारखं, फक्त मोठं. आई दरवर्षी म्हणतात, "चुलतभाऊ आहे आपट्याचा, चालतो." तनू फ्रॉकच्या ओच्यात पानं घेऊन सगळ्या मजल्यांवर फिरली. खाली गेटवरच्या गार्डलाही देऊन आली.

"त्या भैयांनी विचारलं, ये क्या है. मी म्हटलं, सोना है."

"मग?"

"मग त्यांनी टोपीत ठेवलं आणि म्हणाले, आता मी अमीर झालो."

नंतर मानस तिला खांद्यावर घेऊन सेक्टरच्या मैदानावर रावण बघायला गेला. घरात आई आणि मी. आईंनी खोबरेल तेल कोमट केलं, उशाशी बसल्या आणि माझ्या केसांत बोटं घातली. लग्नानंतर हे पहिल्यांदाच. मला आधी संकोच वाटला, मग मान आपोआप सैल पडली. आई बाळाबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. फरीदाबादेत नव्या आल्या तेव्हा शेजारणीनं त्यांना पराठे लाटायला कसं शिकवलं आणि त्यांनी शेजारणीला पुरणपोळी शिकवली ती कशी फुटली, हे सांगत होत्या. बोटं मात्र सांगण्याहून वेगळंच काहीतरी बोलत होती, हळू, गोल गोल.

खिडकीतून सातविणीच्या फुलांचा वास आत आला. ऑक्टोबरात अख्ख्या नोएडाला तो वास येतो, दाट, गोडूस, थोडा कडू. मला ढवळून आलं. आई खिडकी लावायला उठल्या.

"राहू द्या ना," मी म्हटलं.

"अगं, मळमळतंय ना तुला?"

"हो. म्हणूनच."

त्यांना एक क्षण लागला. मग त्या परत बसल्या. मळमळ आहे म्हणजे ते आहे. रोज सकाळी जाग आल्यावर मी आधी तेच चाचपून बघायचे, आहे का अजून, पोटातून वर येणारं ते ओंगळ ढवळणं. आलं की मला इतकं बरं वाटायचं, की तोंड धुताना मी आरशात स्वतःकडे बघून हसायचे. ओकाऱ्यांना जीव लावणारी बाई मीच असेन.

मैदानाकडून धडाधड फटाके फुटले. खिडकीच्या काचेवर केशरी उजेड थरथरला आणि विझला. रावण गेला.

पुढचे दिवस कसे गेले ते मला सरळ सांगता येणार नाही. ते एकमेकांत विरघळले होते. डाग कधी दिसायचा, कधी नाही. दिसला की दिवसभर घर दबकून चालायचं, नाही दिसला तर आई मोठ्यानं भांडी घासायच्या. मधे मी थोडं लिहायचे, थोडं झोपायचे, आणि झोप व जाग यांच्या मधल्या त्या पातळ जागेत बराच वेळ तरंगायचे. तिथे सगळं छान असायचं. फोडणीत कढीपत्ता पडल्याचा आवाज. आईंची बांगडी ओट्याला लागल्याचा. तनू बाहुलीला रागवत असल्याचा, "चलो, बहुत हुआ, आता झोपायचं, कंबर धरलीये ना तुझी?" घाबरलेलं माणूस आनंदात असू शकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी घाबरलेली होतेच. रात्री कूस बदलतानासुद्धा घाबरायचे. पण त्याच अंथरुणात माझ्या वाट्याला इतकं काही येत होतं, की कधीकधी वाटायचं, आपण चोरून काहीतरी खातोय.

समोरच्या फ्लॅटमधली हरप्रीत रोज डोकावून जायची. तीन महिने कुणाला सांगायचं नाही हा आईंचा दंडक, त्यामुळे तिच्यासाठीही माझी कंबरच धरलेली होती. ती उकडलेले शिंगाडे घेऊन आली, हिरव्या सालींचे, अजून वाफाळणारे, आणि पलंगाच्या कडेवर बसून मला सोलून देऊ लागली.

"स्लिप डिस्क है? मेरी मौसी को हुआ था. ऊँट से गिरी थी."

"ऊँट से?"

"मेले में. तू बता, मालिशवाली भेजूँ? ऐसी है, पीठ पे चढ़ के दबाती है, एक बार में ठीक."

दारातून आईंनी अशा काही डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं की मला शिंगाडा गिळवेना. "नहीं नहीं," त्या घाईघाईनं पुढे आल्या, "इसको डॉक्टर ने मना किया है. हाथ भी नहीं लगाना."

"हाथ कहाँ, आंटी, पैर से दबाती है."

हरप्रीत गेल्यावर आई आणि मी एकमेकींकडे पाहिलं आणि उशीत तोंड खुपसून हसलो. आई तर पदर डोळ्यांना लावून. त्यात हसण्याचं पाणी किती आणि दुसरं किती, ते मी पाहिलं नाही.

कोजागरीच्या आदल्या दिवशी मात्र आमचं भांडण झालं.

झालं असं. मला बाळंतपणातला जुना मऊ गाऊन हवा होता. आई म्हणाल्या, त्यांच्या पिशवीत धुवून ठेवलाय, घे. त्या तनूला आंघोळ घालत होत्या. पिशवी पलंगाशेजारीच होती, मी हात घातला. गाऊनच्या खाली मानसचा नवा शर्ट होता, तो मला माहीत होता. आणि शर्टाच्या खाली आणखी एक घडी. मोरपिशी रंगाचा, बारीक बुट्ट्यांचा, तनूच्या मापाचा परकर-पोलका. आईंनी स्वतः शिवलेला, हातशिलाई मी ओळखते.

मी तो हातात घेऊन बसून राहिले. कारण तो कशासाठी आहे ते मला त्याच क्षणी कळलं.

आमच्या घरी कोजागरीला आश्विनी करतात. घरातल्या ज्येष्ठ लेकराला नवे कपडे घालून, चंद्राकडे तोंड करून पाटावर बसवायचं आणि ओवाळायचं. पुष्कळ मराठी घरांत करतात. पण आईंच्या माहेरून आलेला एक खास नेम आहे: एकट्या लेकराची आश्विनी करायची नाही. पाठीवर भावंड आलं की मगच ते ज्येष्ठ. मानसची होते, कारण त्याच्या पाठीवर चैतन्य आहे, तो बंगळुरूला असतो. चाळिशीला आलेला मानस दरवर्षी पाटावर मांडी घालून बसतो आणि तनू शेजारी उभी राहून रुसते. "मला पण दिवा फिरव ना, आजी." आई म्हणायच्या, "तुझी वेळ यायचीय." गेली दोन-तीन वर्षं ते वाक्य ऐकलं की मी उठून आत जायचे.

आणि आता हा परकर-पोलका.

तनूचं डोकं पुसत आई बाहेर आल्या, माझ्या हातात काय आहे ते पाहिलं आणि तिला म्हणाल्या, "जा, बाबा काय करतोय बघून ये."

ती गेली. मी विचारलं, "हा दिवाळीचा ना, आई?"

"नाही."

"आई, यंदा नको."

त्या पंचा झटकत राहिल्या.

"तुम्हीच म्हणता ना, पाठीवर कुणी आल्याशिवाय नाही म्हणून."

"आलंय की," त्या म्हणाल्या.

इतक्या साधेपणानं म्हणाल्या, की मला राग आला. "परवा काय दिसेल कुणाला माहीत आहे? आज सकाळीसुद्धा डाग होता. नाही राहिलं तर? मग पुढच्या कोजागरीला तिला काय सांगायचं? गेल्या वर्षी होतीस तू ज्येष्ठ, आता नाहीस? आणि मला? मला काय सांगाल?"

माझा आवाज चढला होता. दारात मानस येऊन उभा राहिला, हातात दुधाची पिशवी. "काय झालं?"

"तू जा, दूध तापव," आम्ही दोघी एकदम म्हणालो. तो गेला.

आई पलंगावर बसल्या. पंच्याची घडी घातली, मोडली, परत घातली. "मी शकुन-बिकुन काही करत नाहीये, पोरी. देवाला गळ घालायचं माझं वय गेलं. तुला मी पाहते ना रोज. उन्हाकडे बघतेस, शिंगाडा खाताना डोळे मिटतेस. मला वाटलं, ही आज जगते आहे. मग मीपण आजचंच करावं." पंचा बाजूला ठेवला. "डॉक्टरनं ठोके ऐकवलेत तुला. आज ते आहे. म्हणजे आज तनू ज्येष्ठ आहे. उद्या नसेल, तर नसेल. पण असताना नाही केलं, तर मला चैन पडणार नाही."

मी परकराच्या बुट्ट्यांवरून बोट फिरवत राहिले. त्या उठून गेल्या. परकर-पोलका माझ्याच मांडीवर राहिला.

त्या दुपारी तनू माझ्याजवळ झोपली आणि झोपेत तिनं पाय माझ्या पोटावर टाकला. मी तो अलगद उचलून बाजूला ठेवला. तिनं परत टाकला. गरम, जड, धुळकट तळव्याचा पाय. उन्हाचा चौकोन येऊन त्यावर थांबला. मी तसाच राहू दिला, फक्त जरा खाली, मांडीवर सरकवला. एकीचा पाय आणि एकाचे ते भरभर ठोके, दोघं माझ्याच अंगावर, एका उन्हात. किती वेळ, ते माहीत नाही. मला एवढंच जाणवलं, की हे आत्ता आहे आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसले आहे, उद्या बघू म्हणून.

संध्याकाळी आई वेलदोडे कुटत होत्या. मी आतून हाक मारली.

"ओवाळा तिला," मी म्हटलं. "पण पाठीवरचं काही बोलायचं नाही. तिला काहीच माहीत नाही."

खलातला ठोका थांबला. "नाही बोलणार," त्या म्हणाल्या. मग ठोका पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा जोरात.

कोजागरीला आम्ही काही मध्यरात्रीपर्यंत थांबलो नाही. तनूला लवकर झोप येते आणि मला खुर्चीत फार बसायचं नव्हतं. मावळतीनंतर थोड्याच वेळानं मानसनं मला धरून बाल्कनीत आणलं, पाठीशी उशी, पायांवर यंदाची पहिली पातळ रजई. किती दिवसांनी मी आकाश सबंध पाहत होते. म्हणजे नोएडात जेवढं सबंध असतं तेवढं, दोन टॉवरच्या मधलं. त्या फटीत चंद्र आला होता. धुरकट हवेतून वर येताना तो पिवळाही नव्हता आणि लालही नव्हता, पिकलेल्या पपईच्या आतल्या बाजूसारखा काहीतरी होता, आणि इतका मोठा, की खालच्या पार्किंगमधली दोन माणसं गाडीची दारं उघडी ठेवून बघत उभी राहिली होती.

मानसनं दूध आटवलं होतं. तळाला थोडं लागलं होतं, पण केशर-वेलदोड्यात ते लपेल अशी त्याला आशा होती.

"लागलंय," आई दारातूनच म्हणाल्या.

"आई, तू चाखलं पण नाहीस!"

"वासावरून कळतं. घरभर सांगत फिरतोय तो वास."

तनूला दुधात चंद्र बघायचा होता. मानस पातेलं धरून बाल्कनीत फिरू लागला आणि तनू कठड्याजवळच्या स्टुलावरून हुकूम देऊ लागली. "थोडं लेफ्ट. नाही यार बाबा, जास्त झालं. खाली. आणखी खाली. आया, आया! गेला." शेवटी मानस गुडघे टेकून बसला, पातेलं जमिनीवर ठेवलं, आणि दूध हळूहळू स्थिर झालं. सायीच्या कडेला एक थरथरता गोल उजेड आला. आम्ही चौघं त्यावर वाकलो. मी थोडीशीच वाकले. दुधाची वाफ माझ्या तोंडावर आली, लागलेल्या तळाचा तो वास, केशर, आणि मला मळमळलं, छान, जोरात मळमळलं.

मग आईंनी दोन पाट मांडले. एकावर मानस, नव्या शर्टात, शर्टाची घडी तशीच उमटलेली. दुसऱ्यावर तनू. तिला मोरपिशी परकर-पोलका चढवला होता आणि किती तरी दिवसांनी तिची वेणी घातली होती. ती ताठ बसली होती, हात गुडघ्यांवर, श्वास रोखून. इतक्या वर्षांची बाजूला उभी राहणारी पोर ती. डोळे मिटावेत की उघडे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं, म्हणून ती एक मिटत होती आणि एक उघडत होती.

आईंनी मानसला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी-अंगठी ओवाळली, निरांजन ओवाळलं. मग तनूकडे वळल्या. वाऱ्यानं ज्योत कलली, मानसनं पटकन तळव्यांचा आडोसा केला. आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

ज्योत तनूच्या चेहऱ्यापुढून गोल फिरली. तिच्या दोन्ही डोळ्यांत एकेक छोटं निरांजन फिरलं. पोटाशी माझा हात कधी गेला ते मला कळलं नाही. मी मनात म्हटलं, बघ रे, ही तुझी ताई. दिसली का? आज तरी बघून घे. उद्या सकाळी गार जेली, पडदा, आणि काय ते. पण आज तू आहेस, ती आहे, पातेल्यात चंद्र आहे, दूध लागलेलं आहे. इतकं सगळं तुला एका वेळी दाखवता आलं, हे काही थोडं नाही.

"औक्षवंत हो," आई म्हणाल्या. "माझी ज्येष्ठ गं ती."

तनूनं मिटलेला डोळा उघडला. "ज्येष्ठ म्हणजे काय, आजी?"

"ज्येष्ठ म्हणजे…" आई अडखळल्या. शब्द दिला होता त्यांनी, पाळत होत्या. "म्हणजे मोठं लेकरू. सगळ्यांत मोठं. ज्याला आधी ओवाळतात."

"अच्छा." तिनं ते नीट आत घेतलं. मानसनं तिच्या हातात दुधाचा पेला दिला. ती एक घोट प्यायली, वरच्या ओठावर मिशी उमटली. सगळे दूध पिऊ लागले. आई निरांजन खाली ठेवायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या थोडा वेळ.

तनू पाटावरून उठली, परकर दोन्ही हातांनी वर धरून माझ्या खुर्चीजवळ आली आणि रजईवर कोपरं टेकून उभी राहिली. तिच्या कपाळावरची एक अक्षत माझ्या मांडीवर पडली. आता चंद्र दोन्ही टॉवरच्या वर निघाला होता, लहान आणि पांढरा झाला होता, आणि तिच्या तोंडावर चांदणं आलं होतं.

"आई," ती म्हणाली, "बाबा चैतन्यकाकापेक्षा मोठा आहे ना? म्हणून तो ज्येष्ठ."

"हो, राणी."

तिनं दुधाची मिशी जिभेनं पुसली, जरा विचार केला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"मग मी कुणापेक्षा मोठी आहे?"